झडप

एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
गाड्यांची सुटी दारं आणि
जुनी शिलाई मशिनं यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत
एउलोहियो तिकोना पेट्या मांडून बसतो.
काळ्या, पिवळ्या, एक लष्करी हिरवी,
तिच्या झाकणावर कुणीतरी खडूनं लिहिलंय: नाजूक.
"नाजूक आतलं. पेटी नव्हे," तो म्हणतो
आणि चढून उभाच राहतो तिच्यावर,
चांगला नव्वद किलोंचा गडी,
हातात सुपाचा वाडगा तसाच.

सोळा वर्षं मी लग्नांचे फोटो काढले.
खांद्याला कापडी पिशवी, वरून बिअरचे फवारे,
तरी काही बिघडलं नाही.
मग गेल्या साली युंगासच्या उतारावर
बसच्या टपावरून पिशवी घसरली.
दोनशेची लेन्स तेव्हापासून खुळखुळते.
कानाशी धरली तर
आत कुणी अनवाणी चालतंय असं वाटतं.

आता खालचं काम आलंय, बेनीतलं,
नदीतले गुलाबी डॉल्फिन,
तीन महिने होडी, चिखल, मुंग्या.

"पिवळी घे. बुडाली तर दिसेल."
"चोरालाही दिसेल."
"मग काळी घे."
"काळी उन्हात तापते. आत कॅमेरा शिजेल माझा."
एउलोहियो सूप पितो. त्याला घाई नाही.

झाकणाच्या खाचेतून मी नख फिरवते,
रबराची दोरी कुठे चिरलीय का,
कुठे सांध्याशी फुगलीय का.
खटके सहा वेळा लावते, सहा वेळा काढते.
तो बादली पुढे सरकवतो.
आत माझ्याच वीजबिलाचा कागद ठेवून
आम्ही दोघं पेटी पाण्यात दाबून धरतो,
नको असलेलं मांजर बुडवावं तशी, मान फिरवून.
कागद कोरडा. बिलाचा आकडा तसाच.

रिकामीच साडेचार किलो!
इथे, जिथे नुसती जिना चढले
तरी शब्द अर्ध्यावर सुटतात.

माझ्या वडिलांना पेटी लागलीच नाही.
त्यांचा कॅमेराच पेटी होता,
लाकडी, तीन पायांवर, कोर्टाच्या पायऱ्यांपाशी.
आत दोन ताटल्या, दोन औषधं,
आणि काळ्या बाहीतून हात घालून
ते न बघता लोकांचे चेहरे धुवायचे.
गारा आल्या की आपला कोट पेटीला घालायचे.
आई म्हणायची, तिच्याशीच लग्न करायचं होतंस.
त्यांच्या पेटीला उजेड हवा होता, थोडा, मोजून.
मी मात्र शोधतेय अशी,
जिच्यात काही म्हणजे काही शिरणार नाही.

स्पंज एकदा कापला की कापला.
म्हणून आधी पुठ्ठ्यावर आखून आणलंय सगळं:
बॉडी, तीन लेन्स, चार्जर,
कोपऱ्यात एक खाच, काय ठेवायचं ठरलं नाही.

नऊशेवरून आठशे वीसवर येतो तो.
कुलूप फुकट, एक किल्ली कमी.
पैसे मोजता मोजता
हँडलखालचं बोटभर बटण दाखवतो:
"खाली गेलीस की आधी हे फिरव.
नाहीतर उघडायची नाही."
मी मान डोलावते. मनात म्हणते,
हे त्यानं पाचव्यांदा सांगितलं असावं, आज सकाळपासून.

पिवळीच घेतली.

दीड दिवस बस. त्रिनिदादमधली खोली,
पंखा नुसता घाम इकडून तिकडे करणारा.
खटके निघाले, झाकण निघेना.
गुडघा दिला, शिवी दिली, तरी निघेना.
होडीवाला रोसेंदो स्क्रूड्रायव्हर घेऊन आला
आणि मी पेटीवर आडवी पडले,
"थांब, थांब, थांब."

बटण अर्धा फेरा फिरलं.
बारीक, लांब, आत जाणारा श्वास,
खालची जड हवा
वरच्या विरळ हवेत ओतली जात होती,
आणि त्या पेटीला, माझ्या पेटीला,
चार हजार मीटर उतरल्याचं आत्ता कळत होतं.

झाकण आपसूक सैल झालं.
रोसेंदोनं आत नाक घातलं.
"डिझेल," तो म्हणाला, "आणि तळलेली मासळी.
कुठून आणलीस ही?"

मी लेन्स एकेक काढून बघितल्या.
दोनशेची अजून खुळखुळत होती.