खुमरा

अतबराच्या रेल्वे वसाहतीत, तिसऱ्या ओळीत,
ज्या घरापाशी माणसांचं पाऊल उगाच हळू व्हायचं
ते नईमातचं घर.
लवंग भाजल्याचा वास आला
की कुणाच्या तरी पोरीचं ठरलं म्हणायचं.
साखरेच्या पाकात चंदनाच्या ढलप्या शिजू लागल्या
की तारीखसुद्धा कळायची.

पाक करपू द्यायचा, जळू द्यायचा नाही,
एवढंच शास्त्र, ती सांगायची.
महलबच्या बिया कुटायच्या, कस्तुरीचा कण टाकायचा,
बाटली बंद करून विसरून जायचं.
बाकी सगळं नाक बघतं,
आणि नाक कुणाला उसनं देता येत नाही.

फुलांच्या अत्तरांना ती नाक मुरडायची.
फुलाचा वास काय,
दारावरून जाणारा पाहुणा, पाणीसुद्धा न पिणारा.
खुमरा आत येतो. चपला काढतो.
उशी मागून घेतो.

इद्रीस इंजिनांच्या शेडमध्ये फिटर.
डिझेल, वंगण, तापलेलं लोखंड,
नखांत शिरलेलं, कुठल्याच साबणाला न जुमानणारं.
लांब हो, ती म्हणायची,
माझी लवंग नासेल.
तो काही लांब व्हायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी
त्याला शेडमधूनच आणला, चौघांनी.

मग चार महिने आणि दहा दिवस.
पांढरा थोब. लवंग नाही, चंदन नाही,
बाभळीच्या लाकडाची धुरी नाही.
धुरीच्या खड्ड्यावर तिनं परात पालथी घातली
आणि वर एक वीट ठेवली,
जणू आतलं काही बाहेर पडेल.

गल्लीत दोन लग्नं झाली तेवढ्यात.
बाटल्या खार्तूमहून आल्या.
झाकण काढताच ओरडायच्या,
तासाभरात गप्प.

बायका म्हणायच्या, फारसं रडत नाही.
तिला भूक लागली होती, हे कुणाला सांगणार?
नाकाला भूक लागते,
माणूस गेल्यावरही लागते,
आणि तिची लाज वाटते.
चहाला मनाई नव्हती.
ती दालचिनीची एक काडी जास्त टाकायची,
पेला दोन्ही हातांत धरून बसायची
पार निवेपर्यंत,
आणि मग तो निवलेला चहा
भिंतीकडे तोंड करून प्यायची.

शेवटच्या दिवशी न्हाऊन ती पेटीपाशी बसली.
तळाशी बाटली, मेण लावलेली,
तो असताना ठेवलेली.
तो गेला त्या रात्रीही ती मुरतच होती.
तिला कुणी कळवलंच नव्हतं.

पण हात आधी सदऱ्याकडे गेला.
कामाचा, न धुतलेला, मुद्दाम तसाच ठेवलेला.
डिझेल हवं होतं तिला,
फक्त एकदा, छातीभर,
ज्याला लांब हो म्हणत आली तेच.

डिझेल उडून गेलेलं.
कॉलरच्या घडीत, बगलेत, खिशाच्या शिवणीत
लवंग. करपलेली साखर. चंदन.
तिचीच मान, तिचेच हात,
तीस वर्षांचे.
म्हणजे हा असा जायचा कामावर!
म्हणजे शेडमधली ती दांडगी माणसं
त्याला नवरदेव म्हणून हाक मारायची
ती एवढ्यासाठी,
आणि यानं घरी कधी सांगितलं नाही.

तेव्हा ती हसली.
मग रडली, पण आधी हसली,
हे मी शपथेवर सांगते,
कारण दारात मीच उभी होते,
आईनं पाठवलेली, हातात लवंगांची पुडी,
माझ्याच लग्नाची.

तिनं बाटलीचं मेण नखानं काढलं.
एक बोट स्वतःच्या गळ्याला, कानामागे,
कुणासाठीही नाही.
आणि खोली अशी तापली
की मला वाटलं कुणीतरी आत आलंय.

किती लवंगा घ्यायच्या, मी विचारलं.
ती म्हणाली, आधी परात उचल.
वीट जड आहे. सांभाळून.