डाव्या खांद्यावर दोनदा

गंगावेशीच्या कट्ट्यावर
धारोष्ण दुधाचा पेला फेसासकट तोंडाला लावून
हिंदुराव आल्प्स सांगतात.
अठ्ठेचाळीस वळणं होती घाटाला.
मागच्या आठवड्यात ती साठ झाली,
आज बहात्तर.
मी आपला पेला धरून ऐकतो.

ऐकतो, असंच म्हणतो आम्ही बायका इकडं.
पुण्याची जाऊ हसते, अगं, ऐकते म्हण.
त्या डोंगरात हसायलाही कुणी नव्हतं,
नऊ दिवस मी मनसोक्त आलो, गेलो, बसलो, उठलो.

गाडी भाड्याची, लाल,
मागच्या सीटवर चढायला मला दगड शोधावा लागायचा.
हेल्मेटातून बोलायचं यंत्र
दुसऱ्याच दिवशी पावसात मेलं,
मग आम्ही हातांवर आलो.
खांद्यावर एक थाप, हळू.
दोन, थांबा.
बरगडीत कोपर म्हणजे फोटो काढायचाय.

चौथ्या दिवशी, घाट निम्मा चढल्यावर
पिवळी बस आली, डावीकडून.
तिकडं सगळं डावीकडूनच येतं.
ह्यांनी ती बघितलीच नाही,
मान वळेपर्यंत ती नव्हतीच ह्यांच्यापुरती.
आरशाला आरसा घासून गेली.

वळणाच्या कडेला, सावलीत उरलेल्या मळक्या बर्फाशी
गाडी लावली. इंजिन टिकटिकत गार होत होतं,
खाली कुठं तरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा.
हे एकेक बोट सोडवत हातमोजे काढत बसले.
मग म्हणाले, डाव्या डोळ्यात धुकं हाय.
कधीपासनं?
गेल्या दिवाळीच्या आधीपासनं.

उद्यमनगरात तीस वर्षं फौंड्री,
वितळलेल्या लोखंडाकडं बघण्यात गेलेली.
इकडं समोरचा उजवीकडनं येतो,
म्हणून करूळचा घाट उतरतानाही मला कळलं नाही.
घरात ताटाच्या डाव्या बाजूची चटणी
न शिवता परत यायची,
मी तिखटाला दोष देत होतो.

भांडलो मी. मोठ्यानं, कोल्हापुरीत.
सायकलवरचा एक म्हातारा थांबला,
स्वतःची पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन गेला.

मागं फिरायचं तर तेवढीच वळणं खाली.
वर जायचं तर पलीकडं अजून.
म्हणून उरलेले दिवस
डावी बाजू मी चालवली.
काही आलं की डाव्या खांद्यावर दोनदा,
थांबा ऐवजी आता त्याचा अर्थ, आहे.
मोकळं असलं की तळहात नुसता ठेवलेला.
शिखरं ह्यांनी बघितली असतील, फोटोत तर आहेत.
मी बघितला रस्त्यामधला पांढरा पट्टा,
आणि जाकिटाची बाही जिथं सुरू होते
तिथला सुटलेला एक काळा धागा.
रोज वाटायचं, आज रात्री टाका घालू.
रात्री हात उचलायचा नाही.

लेकीनं फोनवर विचारलं, कशी झाली ट्रिप?
हे म्हणाले, तुझी आई डोळं मिटून बसलीती अख्खा घाट.
मी हूं म्हटलं.

कट्ट्यावर आता ऐंशी वळणं झालीत.
वहिनी, भ्या नाही वाटलं?
म्हैस शेपटीनं माझा पदर झाडते,
तेवढ्यात विचारणारा दुसऱ्या पेल्याकडं वळतो.

मंगळवारची वेळ घेतलीय राजारामपुरीत, डोळ्यांच्या डॉक्टरची.
स्कूटरवर बसल्यावर सांगायचं ठरवलंय,
चालवताना मागं वळून भांडता येत नाही ह्यांना.

निघालो. पुढं दिवा गेलेला,
अंधारातनं एक रेडकू, डावीकडनं.
मी हात उचलायच्या आधीच
स्कूटर हळू झाली.
दिसलं काय?
न्हाई, म्हणाले. तुझी बोटं आवळली.

रेडकू रस्त्याच्या मधोमध थांबून
आमच्याकडं बघत राहिलं.
मंगळवारचं आत्ताच सांगावं
की मिशीवरचा फेस पुसूदे आधी.