फुटाला एक सूत

पॅटर्न-मिस्त्री रंभाजीची पितळी पट्टी
खोटी आहे, असं मला दहाव्या वर्षी वाटलं.
माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीशी ती जुळेना,
फुटामागे एक सूत जास्तच.
तो म्हणाला, बीड निवताना अंग चोरतं, पोरी.
लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.

माझे वडील तिथे हजेरी लिहायचे.
भद्रकालीमागची शेड, पत्र्यावर नाव :
तांबट आयर्न वर्क्स.
मोरेश्वर तांबट हंडे ठोकायचे सोडून
बिडाकडे वळला, तेव्हा चुलत्यांनी
पंगतीचं बोलावणं बंद केलं.
पहिलं ओतकाम फुटलं. दुसऱ्यात बुडबुडे.
तिसऱ्यातून निघालं मोटेचं चाक.
ते त्याने चुलत्यांच्याच विहिरीवर नेऊन बसवलं
आणि पैसे घेतले. पूर्ण.

भट्टीच्या दिवशी गल्लीला मळीचा वास यायचा,
चांदभाई मोल्डर कोअरच्या वाळूत मळी मळायचा,
आणि आम्हाला वाटायचं कुणाकडे तरी गूळ शिजतोय.

मग उसाचे चरक, गिरण्यांच्या पुल्या,
मग सातपूरला मोठी शेड,
ट्रकमधून बटाल्याची लेथ.
पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू वाहिलं,
दुसऱ्या दिवशी तिने निवृत्तीचं बोट नेलं.
तो तिच्यावरच राहिला एकतीस वर्षं.
मायक्रोमीटर लावायच्या आधी
अंगठा फिरवून सांगायचा, अजून केसभर.
केसभरच असायचं.

द्राक्षबागांचे फवारणी पंप आले तेव्हा तीन पाळ्या चालल्या.
नंतर दोन. नंतर
वडिलांच्या वहीत सातच नावं,
त्यातली दोन वॉचमनची.

बंद पडल्यावर भंगारवाल्याने लेथ वजनावर नेली.
पॅटर्न कुणी विचारेना.
सागाचे, शिसवीचे, रंभाजीच्या हाताने घासलेले
चारशेच्या वर पॅटर्न
बंबाच्या जळणात गेले.
पट्टी मी मागून घेतली.

परवा अशोकस्तंभाजवळ
रस्त्यातल्या एका झाकणाशी बसले.
टायरांनी घासून 'ट' गेलाय,
उरलंय नुसतं 'तांब'.
बिडावर.
दुकानातल्या पट्टीने आरपार मोजलं : बरोबर दोन फूट.
रंभाजीच्या पट्टीने : दोन सूत कमी.
मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
अहो ताई, काय हरवलंय का?
मी पुन्हा एकदा मोजलं.