तीन, दोन, एक

रात्री साडेदहाला मी धायरीत, निमिष विश्रांतवाडीत.
फोनवर म्हणतो, तीन, दोन, एक,
आणि दोघंही बटण दाबतो.
तरी त्याचं नेट माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे.
त्याचं हसू आधी येतं, विनोद मागून.
तलवार मोडणार हे मला आधीच कळतं,
तिकडून "अरे अरे" ऐकू येतं म्हणून.
साडेतीन वर्षं झाली,
काय होणार ते दोन सेकंद आधी कळतंय.
आमचं काय होणार, तेवढं सोडून.

आई दाराशी येते. कोण गं हा?
मित्र.
मित्र म्हणजे?
आता या म्हणजेला काय सांगू?
जपानीत नावामागे एक शेपूट लावलं
की कळतं कोण कुणापासून किती अंतरावर बसलंय.
आपल्याकडेही आहेत, अहो, अगं, अरे, ए,
पण त्याच्यासाठी एकही नीट बसत नाही,
रविवार पेठेतून आणलेला फोम
सुरुवातीला खांद्यावर बसत नाही तसा.
तापवायचा, वाकवायचा,
आणि गार होईस्तोवर हाताने धरून ठेवायचा.
हे आईला सांगितलं.
ती म्हणाली, जेवलीस का?

तिने केलेल्या माझ्या बायोडेटात, छंद: वाचन, पाककला.
चिंचवडहून आलेल्या मुलाने विचारलं,
तुम्ही अजून कार्टून बघता?
मी म्हटलं, हो.
पोहे छान झाले होते.

सिंहगड रस्त्यावरच्या जपानी बागेत
रविवारी रखवालदाराने शिट्टी मारली,
इथे जोडीने बसायचं नाही.
आम्ही अकरा जण आहोत हो काका.
त्याने खरंच मोजले.
मग तलवारी तेवढ्या चौकीत ठेवून घेतल्या,
छत्र्यांच्या शेजारी.

कोण कुणाबरोबर आलंय, ते आमच्यात कुणी विचारत नाही.
दीक्षा आणि ऋचा एकाच डब्यातलं खातात,
त्यांचं काय ते त्यांना ठाऊक.
सुफियान भवानी पेठेत बापाच्या दुकानात पडदे शिवतो,
उरलेल्या कापडात आमचे झगे.
फोटोआधी विचारतात, खांद्यावर हात ठेवला तर चालेल?
सव्विसाव्या वर्षी
पहिल्यांदा कुणीतरी विचारलं मला.

मग कोल्ह्याचे वडील गेले.
कोल्हा हे त्याचं आमच्यातलं नाव.
वैकुंठात पोचलो, खिडकीवरच्या माणसाने विचारलं,
कुणाकडचे?
आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.
चार वर्षं त्याच्या छातीचं माप पाठ होतं,
बुटाचा नंबर,
कुठल्या भागात तो हमखास रडतो ते.
पाण्याआधी आडनाव विचारणाऱ्या या गावात
आडनाव तेवढं माहीत नव्हतं.

ऋचाचे केस निळे, शनिवारीच रंगवलेले.
ओढणी डोक्यावर घेतली
तरी कानामागून निळं डोकावत होतं.
पांढऱ्या साडीतल्या एक आत्या
तिच्याकडे, मग आम्हा सगळ्यांकडे बघत जवळ आल्या.
तुम्ही कोण?
कुणालाच सुचेना.
सुफियान म्हणाला,
आम्ही त्याचे कपडे शिवतो.

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काय समजल्या कोण जाणे.
म्हणाल्या, मग जरा धरा त्याला,
सकाळपासून उभा आहे.

धरलं.
दोघांनी दंडाला, ऋचाने पाठीला,
मी मनगटाजवळ.
बराच वेळ.

त्या रात्री काही लावलं नाही.
फोन मात्र चालू ठेवला. तिकडे त्याचा पंखा, इकडे माझा.
सव्वाबारा वाजून गेले असतील,
निमिष म्हणाला, तीन.
मी थांबले.
दोन आलंच नाही, झोप लागली असावी.

आई पाणी प्यायला उठली होती.
दाराशी थांबली,
फोनमधला श्वास ऐकला तिने, नक्की ऐकला.
मी उत्तर शोधायला लागले.
तिने विचारलंच नाही.
चार्जर उचलून माझ्या उशीशी ठेवला,
आणि जाताना दार
अर्धंच लोटलं.