रजिस्टर

दुसरा शनिवार. बंद पडलेला मिशन दवाखाना.
समोरासमोर दोन रांगा, इकडे नऊ, तिकडे आठ.
मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं
आणि अंगणवाडीचं एक रजिस्टर कोरं उरलं होतं.
पहिल्या बैठकीचं लिहिलं :
शांततेवर सर्वांचं एकमत. केळी वाटण्यात आली.
माणसं सतरा, केळी चोवीस.
उरलेली सात कुणी न्यायची, यावर
दोन्हीकडून इतका आग्रह झाला
की ती तिथंच काळी पडली.

दुसऱ्या बैठकीत लाईन गेली.
मे महिना, भिंतीला हात लावता येईना.
ताकसांडे पाळक म्हणाले, एखादी गोष्ट सांगा,
दोघांच्याही घरची.
तर यासीन पिंजाऱ्यानं काढली
बापाची, लेकाची, सुरीची.
"इस्माईलले निजवलं..."
"इसहाकले," शद्रक मास्तर म्हणाले,
छत्तीस वर्षं घेतलेल्या हजेरीच्या आवाजात.
"इस्माईल."
"इसहाक. उत्पत्ती, बाविसावा अध्याय. लेखी हाय."
"लेखी तं एकुलता एक बी हाय ना तुमच्यात?
मोठा आंगनात खेळून रायला असतानी
धाकटा एकुलता कसा होते, मास्तर?"

पाळक खोकले. मौलानांनी घड्याळ पाहिलं.
मी लिहिलं : चर्चा मोकळेपणानं झाली.

त्या रात्री मास्तरांच्या खिडकीत
दिवा उशिरापर्यंत होता, हे लिहिलं नाही.
रविवारची उपासना सुटल्यावर
कापडाच्या दुकानाच्या पिशवीत बायबल घालून
ते पिंजारपुऱ्यात गेले, हेही नाही.
"यासीन, तुह्या बोलन्यात दम हाय.
एकुलताच लिवलं हाय. इतक्या वर्सांत मले टोचलं नाही."
यासीननं यंत्र बंद केलं. भुवयांवर कापूस.
"म्या बी मौलानाले इचारलं.
आयतीत पोराचं नावच नाही म्हने.
नाव मागच्या बुजुर्गांनी सांगतलं."

आपापल्या छपराचं भोक
दुसऱ्याला दाखवून
दोघं न शिवलेल्या गादीवर बसून राहिले.

नूरबीनं अंबाडीचं सरबत आणलं.
"पोरगं कोनतं बी असो," ती म्हणाली,
"घरी आल्यावर त्याच्या मायले
काय सांगतलं बापानं?"
ते मात्र दोघांपैकी कुणाच्याच
ध्यानात येईना.

पेरण्या लागल्या, बैठका बंद.
यांची चालू.
एसटीच्या थांब्यावर, कंट्रोलच्या रांगेत,
एकदा तर मयतीच्या घरी, दबक्या आवाजात.
पोळ्याला मास्तरांनी बाज धरली.
यासीननं त्यांची गादी उसवली,
गाठी सोडवल्या, सरकी वेचली.
बाजेवरून येई, "इसहाक."
ओसरीतून, सुईत दोरा ओवता ओवता, "इस्माईल."
मास्तरांची सून म्हणाली, काका, पुरे आता.
मास्तर तिच्यावरच खेकसले.

पेटीतली उशी यासीनचीच,
आदल्या रात्री पिंजलेली. पैसे घेतले नाहीत.
आमच्यात मूठभर माती टाकतात.
त्यानं एक मूठ टाकली,
आजूबाजूला पाहिलं,
मग त्यांच्या रिवाजाच्या आणखी दोन.
ओठ हलले. मला वाटलं, दुवा असेल.
जवळ होते म्हणून ऐकू आलं :
"आता तिथं इचारून घ्या, मास्तर.
कोन होतं तं सांगा मले.
हारलो असन तं कबूल करीन."

आज पुन्हा दुसरा शनिवार.
इकडे आठ, तिकडे सात.
यासीन आमच्या रांगेत येऊन बसलाय,
त्या खुर्चीत नाही, तिच्या शेजारी.
केळी नाहीत या वेळी, संत्री आहेत,
आणि साली कुठं टाकायच्या, यावर चांगलंच वाजलंय.

मी लिहिते :
शद्रक मास्तर, गैरहजर.
मागील विषय अपूर्ण.
पुढे चालू.