पुरे

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
शांद्रुचा श्वास थांबतो.
पडद्यावरची रेष सपाट.
अकरा. बारा. तेरा.
छाती मात्र उचलते आहे, पोट ढकलतं आहे,
आतून कुणी बंद दाराला खांदा लावावा तसं.
मग घोरणं फुटतं, पोर कूस बदलतं.
जागं होत नाही,
नीट झोपतही नाही.

वय नऊ, वजन एकसष्ट.
डोक्याला मी चिकटवलेल्या वायरी, बोटाला लाल दिवा,
कुशीत कापडी ऑक्टोपस, एका पायाची शिवण उसवलेली.

खुर्चीत त्याची आई, ग्रात्सिएल्ला,
बिर्गूहून दोन बस बदलून आलेली.
शाळेतली नर्स तिला म्हणाली, पास्तित्सी बंद करा.
सासू म्हणाली, लाडावलंस.
शेजारीण काहीच म्हणाली नाही,
फक्त त्याच्या ताटाकडे बघत राहिली.
खाई त्याला खवखवे,
ही म्हण सगळ्याच बेटांवर असावी.

डॉक्टर काल समजावत होते:
चरबीतून एक निरोप्या निघतो,
मेंदूच्या दाराशी जाऊन ‘पुरे’ म्हणतो.
याच्या रक्तात तो उदंड आहे,
ओरडून ओरडून घसा बसलाय त्याचा,
आत कुणी ऐकत नाही.
दुसरा रिकाम्या पोटातून येतो, ‘आण’ म्हणत.
झोप मोडली की त्याला चेव येतो, कदाचित.
आणि उंची वाढवणारं संप्रेरक गाढ झोपेत येतं,
ती मोडली की अर्ध्या वाटेवरून परततं, कदाचित.

‘म्हणजे माझ्यामुळे नाही?’
‘एवढं सोपं नसतं ते.’
‘जाडीमुळे झोप गेली, की झोपेमुळे जाडी आली?’
‘कदाचित दोन्ही.’
वीजबिलाच्या पाठीवर तिने लिहून घेतलं.
फक्त ‘कदाचित’, दोनदा.

चार वाजून वीस. सव्वीस सेकंद.
ती उठली, त्याच्या छातीवर हात ठेवला.
नियम आहे, हात लावायचा नाही.
मी काचेआड होते, माइक माझ्या हाताशी.
मी बोलले नाही.
नोंदीत लिहिलं: हालचाल, कारण बाह्य.

सकाळी केसांतला गोंद सोडवताना
त्याने विचारलं, ‘मी पास झालो का?’
आणि लगेच, ‘भूक लागली.’

ग्रात्सिएल्लाच्या पिशवीत पाव होता,
टोमॅटो आणि तेल लावलेला, कागदात गुंडाळलेला.
तो काढण्याआधी
तिने माझ्याकडे बघितलं.