अकरावी सुई

फॉर्मवर विचारलं होतं: हातातलं काम अर्धवट सोडता का?
कधीच नाही, क्वचित, बरेचदा, कायम.
तिसऱ्या प्रश्नापर्यंत मी पोचले
आणि फॉर्मच्या पाठीवर
नव्या गालिच्याचे पट्टे आखत बसले.
पा हुआ वांगने कागद उलटा केला, सुलटा केला,
म्हणाली, कळलं.

डुलुथ. मार्चची अखेर.
सरोवरावरची बर्फाची साय फाटायला लागलीय,
पहिलं जहाज आज येईल, उद्या येईल.
माझं वय सेहेचाळीस. एडीएचडीचं वय पाच महिने,
म्हणजे कागदावर.

सकाळची गोळी आहे, ती घेतेच.
डबीवर वार लिहिलेत.
आज वार कोणता, ते डबी सांगत नाही.
गोळीने गलका कमी होतो.
उरलेल्या गलक्यासाठी
मंगळवारी सुया, गुरुवारी योग.

गुरुवारी डेल्बर्ट.
तीस वर्षं खनिजाच्या बोटींवर आचारी,
मांडीएवढे दंड, आवाज कालच्या पावासारखा.
कर्लिंग क्लबच्या तळघरात
आम्हा नऊ जणांना तो झाड व्हायला सांगतो.
श्वास मोजा. एक. दोन. तीन. चार,
चारच अंडी उरलीत, अंडी फ्रिजमध्ये, फ्रिजमध्ये
गाडीची किल्ली! लोण्याच्या मागे! सोमवारपासून!
आणि मी धाडकन शेजारच्या रेइनोच्या अंगावर.
पडण्याचे पैसे वेगळे नाहीत, डेल्बर्ट म्हणतो.
चला, एकपासून.

माझ्या बापाने सौना बांधायला घेतली
तेव्हा मी सात वर्षांची.
तीन भिंती अजून उभ्या आहेत.
चौथीच्या जागी दर वर्षी जंगली रासबेरी येते.
शेजारपाजार त्याला आळशी म्हणायचा,
आणि तो तर कधी बसलेला दिसला नाही.
आई काही बोलायची नाही.
त्याचे विरलेले शर्ट उभे फाडायची,
बोटभर रुंदीच्या पट्ट्या, मागावर ओवायची.
एक ना धड, म्हणायची,
बघायची मात्र चिंध्यांच्या भाऱ्याकडे, त्याच्याकडे नाही.
त्याच गालिच्यावर मी आता शवासन करते.
डाव्या खांद्याखाली त्याची निळी चौकड येते.
त्याला कुणी फॉर्म दिला नाही.

मंगळवारी पा हुआकडे सहा आरामखुर्च्या,
एकीचाही रंग दुसरीला ओळखत नाही.
भुवयांच्या मध्ये एक, कानांत दोन-दोन,
मनगटं, घोटे, आणखी कुठे कुठे.
वीस मिनिटं हलायचं नाही.
मला, जिला चहा उकळेपर्यंत थांबवत नाही,
जिने तीन किटल्या जाळल्या.
सुईमुळे शांत होतं, की सुईच्या धाकाने, मी विचारलं.
म्हणाली, नक्की मलाही सांगता येणार नाही.
तुला बरं वाटतं?
मंगळवारपुरतं.
मग मंगळवार घे.

आणि त्या मंगळवारी जहाज आलं.
लांब, आखूड, लांब, आखूड.
काच थरथरली. मग पुलाने
तेच्या तेच परत म्हटलं,
लांब, आखूड, लांब, आखूड,
आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं.
मध्ये एकही अंडं नाही, किल्ली नाही.
शेवटच्या आखडूनंतरची शांतता सुद्धा ऐकली.

रात्री केस विंचरताना फणीला काहीतरी अडलं.
टाळूजवळ, केसांत, बारीक, चकचकीत.
फोन केला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना.
अकरा लावल्या, पा हुआ म्हणाली, दहा काढल्या.
मी मोजायला विसरले, आयली.
चौदा वर्षांत पहिल्यांदा.
मग ती हसली, मी हसले,
मला थांबताच येईना, पोटात दुखायला लागलं.
हे वाक्य जन्मभर मी लोकांना ऐकवत आले,
मला कुणी ऐकवलं नव्हतं.

सुई मोहरीच्या रिकाम्या बरणीत टाकली.
झाकण घट्ट लावलं, वर चिठ्ठी:
मंगळवारी परत द्यायची.

बरणी कुठे ठेवली
तेही लिहायला हवं होतं.